छपराचं परमिट

चंपतने कारखान्याच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात छप्पर घातलं ते आईसाठी. बाप गेल्यावर गिरजाबाई भंडाऱ्याकडचं गाव सोडून भिलाईला, सेक्टर दोनमध्ये लेकाकडे राहायला आली. पण दगडी कोळशाच्या शेगडीवरची भाकर तिच्या घशाखाली उतरेना. "माही चूल मांडून दे, नाही तं मले गावी नेऊन घाल," एवढंच ती म्हणाली. गावी आता तिचं कोणीच नव्हतं. चार लाकडी बल्ल्या, बांबूचे तट्टे, वर मातीचे कवेलू. एका रविवारी छप्पर उभं राहिलं.

कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण चंपत पडला कारखान्यातला फिटर. तिथे परमिटच्या चिठ्ठीशिवाय नटाला पाना लावायचा नाही आणि काम संपलं की चिठ्ठीवर तसं लिहून ती परत करायची. ही शिस्त त्याच्या अंगात मुरलेली. मनाला रुखरुख लागली आणि सोमवारी तो आपल्या पायांनी क्वार्टरांचा कारभार पाहणाऱ्या नगर कचेरीत गेला.

"साहेब, चुलीवर छप्पर घातलं. काम पूर्ण झालं, ते सांगाले आलो."

कारकून देवरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "परवानगी?"

"तट्ट्याच्या छपराले बी लागते?"

"जमिनीत खांब गाडला का लागते. आठ दिवसांत पाडून टाका." देवरावांनी रजिस्टरात छपराची नोंद केली.

हुकूम ऐकून गिरजाबाईने लुगडी गाठोड्यात बांधली. शेजारचा टिकाराम म्हणाला, "तुले कोनं सांगतलं होतं विचाराले? माहा गोठा दोन सालापासून उभा हाय."

आठव्या दिवशी चंपतने पहार उचलली आणि सवयीने त्याचा हात थांबला. पहार भिंतीला टेकवून तो पुन्हा कचेरीत गेला. "साहेब, पाडाचं परमिट द्या."

देवरावांनी वैतागून नियमांचं पुस्तक उघडलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा गंभीर झाला. रजिस्टरात चढलेलं काहीही लेखी मंजुरीशिवाय पाडता येत नव्हतं.

"अर्ज ठेवून जा," ते म्हणाले. "मंजुरी येईस्तोवर एक कवेलू हलवाचा नाही."

दुसऱ्या दिवशी कचेरीचा माणूस येऊन खांबावर नंबर रंगवून गेला. गिरजाबाईने गाठोडं सोडलं आणि चूल पेटवली.

महिना झाला तरी मंजुरी येईना. चंपतला चैन पडेना. अर्जाचं काय झालं ते विचारायला त्याने सायकल काढली. गिरजाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आली आणि तिने हँडल धरलं.

"बस, गरम भाकर खा," ती म्हणाली. "आता कोनाले काही विचाराचं नाही."