टाकीत उरलेली हवा

महिपतच्या दारात माणसं आली ती गणपती बुडवून.

झालं असं, की गौरी-गणपतीचं विसर्जन करून वाडीतले आंबा बागायतदार अण्णा घरी पोचले, रिकामा पाट भिंतीला टेकवला, आणि आनंदीबाईंच्या लक्षात आलं की मूर्तीच्या गळ्यातला सोन्याचा दूर्वांचा हार काढायचा राहिलाच. अण्णांना वाटलं बायकोने काढला, बायकोला वाटलं नवऱ्याने. त्या घरात कोणी कोणाला विचारत नाही, नुसतं ओरडतात. म्हणून हार गणपतीबरोबर खाडीत गेला. शाडूचा देव एका दिवसात विरघळला आणि पणजोबांचं सोनं चिखलात राहिलं. वाडीतल्या पोरांनी बुड्या मारून बघितल्या. कालवांचे शिंपले लागून पाय फाटले, हाताला काही लागलं नाही.

मग कोणाला तरी आठवलं, की महिपत मुंबईच्या गोदीत पाणबुड्या होता.

"महिपतराव, आहात का घरात?" अण्णांनी अंगणातून हाक मारली.

गेल्या साली महिपतची बायको राही गेली, तेव्हा हेच अण्णा बांधावरूनच "वाईट झालं हो," म्हणाले आणि कलमांना खत घालायला निघून गेले. तेव्हा तो महिपत्या होता. हार बुडाल्यावर महिपतराव झाला. माणसाची किंमत गावाला अशी कळते.

मधल्या काळात त्या घराचा उंबरा कोणी ओलांडला नव्हता. महिपत चुलीशी बोलायचा. चूल पेटली नाही तर तिला शिव्या द्यायचा आणि पेटली की माफी मागायचा. आता अंगणात दहा-बारा माणसं बघून त्याला काय बोलावं हेच सुधरेना.

"बसा की," तो म्हणाला. "च्या टाकतो."

"चहा राहू द्या हो, हाराचं बघा!"

महिपतने माळ्यावरची ट्रंक काढली. नोकरी सुटताना भंगारात निघालेलं सामान त्याने गावी आणलं होतं, ते राहीच्या शिव्या खात इतकी वर्षं पडून होतं. उघडली तर रबराच्या डगल्याचा गूळ झालेला. बाह्या एकमेकींना अशा चिकटलेल्या, की दोघांनी दोन्हीकडून ओढाव्या लागल्या. पायांत घालायच्या पंख्यांपैकी एकात उंदरीण बाळंत झाली होती. तोंडात धरायच्या नळीच्या डबीतला रबरी पडदा हात लावताच बिस्किटासारखा तुटला. शिशाची वजनं राहीने कधीच जाळ्यांना लावायला कोळणीला देऊन टाकली होती.

"मुंबईहून नवीन मागवू का?" अण्णांनी विचारलं. सोन्यापुढे त्यांचा हात सैल झाला होता.

महिपतने मनात हिशेब केला. नवं सामान आलं तर पेटी उघडायची, घालायचं, उडी मारायची. खेळ खलास. जुनं शिवायचं तर माणसं लागणार.

"नवं अंगाला बसत नाय लवकर," तो गंभीरपणे म्हणाला. "ह्यातलंच काय चालतंय ते बगू."

दुसऱ्या दिवसापासून महिपतच्या ओटीवर बाजार भरला. सायकलवाला धोंडू ट्यूबचे तुकडे आणि सोल्युशन घेऊन आला आणि डगल्याला पंक्चर काढावीत तशी ठिगळं लावू लागला. डबीतला पडदा त्याने फुटबॉलच्या ब्लॅडरमधून कापला. वजनांसाठी अण्णांकडची आंब्याच्या तराजूची मापं आली. ती अडकवायचा कंबरपट्टा महिपतच्या पोटाला पुरेना, तेव्हा त्याला बैलाचा कासरा जोडला.

"पाठीवरच्या टाकीत हवा मी भरतो," धोंडू म्हणाला. "माझा पंप हाय."

"त्या पंपानं भरशील तर पुढच्या गणपतीला भरंल."

"मंग दवाखान्यातलं ऑक्सिजनचं नळकांडं आणू काय?"

"आण. माझ्या बाराव्याला पण तूच ये मंग."

ओटी हसली. त्या ओटीवर हसू आलं ते वर्षानं. पण टाकीचा विषय महिपतने तिथेच मिटवला. टाकी रिकामी नव्हती. सगळे गेल्यावर त्याने चावी किंचित फिरवली होती, तेव्हा बारीकसा फुस्स आवाज आला होता. ही हवा मुंबईत भरलेली होती, म्हणजे राही होती तेव्हाची. त्याने चावी घाईघाईने बंद केली.

रोज माणसं येत होती. महिपत आज डगला नापसंत करायचा, उद्या डोळ्यांवरची काच. कोणाला ठिगळ उसवायला लावायचा, कोणाला पुन्हा लावायला. त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती आणि ती त्याने कोणाला सांगितली नव्हती. हार बुडाला तेव्हा भांगाचं पाणी होतं, फारसं ओसरत नव्हतं. पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी लांब जाणार, तो चिखल उघडा पडणार आणि हार कोणीही चालत जाऊन उचलणार. आंबे विकणाऱ्या अण्णांना हे कसं सुचावं? आणि ज्यांना सुचलं असेल, त्यांना महिपतकडची गंमत बघायची होती.

पौर्णिमेला झुंजुमुंजू होताना सगुणा मागल्या दारी आली. ती ओहोटीला चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढून विकायची. राहीची मैत्रीण. तिने पाटीतल्या तिसऱ्या बाजूला सारल्या. खाली हार होता.

"भावजी, ह्यो घ्या."

महिपतचं तोंड उतरलं. "माझ्याकडं कशाला? अण्णांना दे. खुश होतील."

"खुश? म्हणतील, पयल्याच दिवशी उचलली व्हतीस, आता भ्याली म्हणून आणलीस. माझ्या हातात सोनं बगून कोण खुश झालाय आजवर?" तिने हार त्याच्या मुठीत कोंबला. "तुमी बुडा आणि तुमीच काढा."

ती म्हणाली त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणून महिपतचा इलाज खुंटला.

दुपारी भरतीला सगळी वाडी धक्क्यावर जमली. महिपतला डगल्यात भरायला आठ हात लागले. पाठीची चेन धोंडूने गुडघा टेकवून ओढली. कोणी कासरा आवळला, कोणी पंखे चढवले, आनंदीबाईंनी नारळ फोडला. हार डगल्याच्या आत पोटाशी टोचत होता. पाण्याखालच्या ज्या वस्तूसाठी तो निघाला होता ती अंगावर घेऊनच त्याने उडी मारली.

तराजूच्या मापांनी त्याला सरळ तळाला नेलं. गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नव्हता. धोंडूच्या ठिगळांनी एकेक करून राजीनामे दिले आणि गार पाणी आत शिरलं. महिपत चिखलात मांडी घालून बसला. शोधायचं काहीच नव्हतं. त्याने हळू श्वास घेतला. रबराची, लोखंडाची शिळी चव. राहीच्या वेळची हवा. उधळायची नाही म्हणून तो अर्धा अर्धा श्वास घेत राहिला.

आणि मोह झाला. हात हलवत वर जावं आणि म्हणावं, नाय गावला, उद्या बगू. उद्या परत ओटी भरेल. परवाही.

पण सगुणा वर धक्क्यावर उभी होती. हार सापडेपर्यंत वाडीतल्या प्रत्येक गरीब घराकडे संशयाने बघितलं जाणार होतं, तिच्याकडे सर्वांत आधी. महिपतने पाण्याखालीच एक सणसणीत शिवी हासडली, तिचा बुडबुडा झाला. त्याने डगल्याच्या गळ्यातून हात घालून हार काढला आणि कासरा सोडला. मापं तळाला राहिली, तो वर आला.

"गावला!"

धक्का नाचू लागला. अण्णांनी हार हिसकावून डोळ्यांना लावला, "मोरया!" म्हणाले आणि घराकडे चालू लागले. त्यांच्यामागे आनंदीबाई, त्यांच्यामागे धोंडू, धोंडूमागे वाडी. बघता बघता धक्क्यावर फुटलेला नारळ तेवढा उरला. त्यातलंही खोबरं कोणीतरी नेलं होतं.

महिपत पाठीमागे हात नेऊन चेन शोधत राहिला. हात पोचेना. डगल्यात आठ हातांनी भरलेला माणूस, बाहेर काढायला एक नाही. शेवटी तो तसाच, पंख्यांनी फटक फटक करत घरी गेला. वाटेत दोन कुत्री मागे लागली. तेवढीच सोबत.

ओटीवर सगुणा कोयता घेऊन बसली होती.

"वळा," ती म्हणाली आणि डगल्याला पाठीवर उभी चीर दिली. आठवडाभराचं काम चर्रकन फाटलं.

इतक्यात अंगणात पावलं वाजली. महिपत उघड्या पाठीने लगबगीने उठला. "बग, कोणतरी आलं!"

धोंडू होता. "अण्णांनी मापं मागितलीत तराजूची."

"खाडीत हायत."

धोंडूने डोक्याला हात लावला. "आता वो?"

महिपतने फाटक्या डगल्याकडे बघितलं, मग सगुणाकडे. ती तोंडाला पदर लावून हसत होती.

"मंग काय," तो म्हणाला, "उद्या सकाळी ट्यूबा घेऊन ये. आणि बस आता, च्या टाकतो."

धोंडू बसला. महिपतने आधी टाकीची चावी घट्ट आहे का बघितली आणि मग चूल पेटवली.