अर्बाबची वाट

निसर्गाचे रक्षण करायचे असेल तर आधी निसर्गापर्यंत पोचता आले पाहिजे. जिथे माणूस पोचतच नाही ती जागा सुरक्षित आहे की नाही हे कळणार कसे? आणि ज्याची खात्री नाही त्याला सुरक्षित म्हणणे शास्त्राला धरून नाही. या भक्कम विचारावर मस्कतमधले आमचे ‘कोकण गळ मंडळ’ उभे आहे. उभे म्हणजे दर शुक्रवारी सकाळी, समुद्राकडे तोंड करून, हातात दोरी धरून.

मी रमण, मंडळाचा मानद चिटणीस. (मानद म्हणजे पेट्रोल स्वतःचे.) आमच्याकडे गळाने मासे पकडण्याला गरवणे आणि गळाला गरी म्हणतात. गुहागर ते राजापूर या पट्ट्यातला माणूस आखातात येऊन एसी दुरुस्त करो की हिशेब तपासो, शुक्रवारी त्याचा हात गरीकडे जातोच. मंडळाची एक शिकार शाखाही आहे. इथे शिकारीला बंदी असल्यामुळे ही शाखा फक्त गावाकडच्या जुन्या शिकारींवर चर्चा करते. या चर्चेतल्या रानडुकरांची संख्या दरवर्षी वाढत असून गेल्या वर्षी एक वाघही आढळला. नुसत्या चर्चेने वन्यजीव वाढतात, हा निष्कर्ष आमच्या मंडळाच्या नावावर जमा आहे.

मंडळात वाद कधीच नव्हते. ते २०१८ च्या थंडीत सुरू झाले आणि त्याला कारण झाला एक मासा.

तो मासा हुसैनमियाँचा. हुसैनमियाँ रत्नागिरीकडचे, मत्रहच्या बाजारात त्यांचे भांड्यांचे दुकान, आणि मंडळातले सर्वांत जुने गरवणारे. दर थंडीत ते एका आडबाजूच्या खाडीवर जाऊन बसत. (जागा गुप्त आहे. सूरच्या रस्त्याला लागायचे, याहून अधिक मी सांगणार नाही.) त्या खाडीत एक म्हातारा हमूर, म्हणजे आपल्याकडचा गोब्रा मासा, राहायचा. खडकाच्या कपारीत बसून तो हुसैनमियाँची दोरी तोडायचा आणि गरी घेऊन आत जायचा. पगार देणारा, व्हिसा देणारा आणि मनात आले की रजा कापणारा जो मालक, त्याला इथे अर्बाब म्हणतात. हुसैनमियाँनी त्या हमुराचे नाव अर्बाब ठेवले होते.

“बावीस वरसं झाली,” ते म्हणायचे, “माज्या गऱ्या सगळ्या त्याच्या तोंडात. लोखंडाचं दुकान काढील तो.”

येत्या मार्चमध्ये हुसैनमियाँ कायमचे गावी जाणार होते. मुलाने व्हिसा रद्द करायला टाकला होता आणि डोळ्यांचे कारण सांगून गाडीची किल्लीही काढून घेतली होती. जाण्याआधी अर्बाबला एकदा भेटायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. त्याला पकडायचेही नव्हते. “सलाम करून येतो,” म्हणाले. गाडीसाठी त्यांनी मला विचारले आणि जागा कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. मी आईची शपथ घेतली.

आम्ही जाऊन आलो. मोटारीचा रस्ता संपल्यावर तासभर डोंगर चढून उतरावा लागतो. (निळ्या टाकीच्या टपरीपाशी डावीकडे वळल्याचा उल्लेख मी मुद्दामच टाळला आहे.) त्या दिवशी अर्बाब आला नाही. हुसैनमियाँ म्हणाले, हरकत नाही, पुन्हा येऊ. जागा मात्र अशी होती, की परतताना मला एकच चिंता लागली: हिचे रक्षण कोण करणार? एकट्या म्हाताऱ्याच्या गुप्ततेवर इतका मोठा ठेवा सोडणे बेजबाबदारपणाचे ठरले असते. म्हणून पुढच्या सभेत मी तो विषय ‘अत्यंत गोपनीय’ या सदराखाली सर्व सभासदांसमोर ठेवला.

सभेचे तात्काळ दोन पक्ष झाले.

पहिला पक्ष वाटवाल्यांचा. त्यांचे पुढारी मंडळाचे अध्यक्ष जयप्रकाशसाहेब. ते अल हैलला राहतात, एका बांधकाम कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, आणि त्यांच्याकडे डोंगर चढणारी गाडी आहे. ती आजवर मॉलच्या तळघरातला उतार तेवढा चढली आहे. त्यांचा मुद्दा सामाजिक न्यायाचा होता. “ज्याला गुडघे आहेत त्यालाच निसर्ग, हा कुठला न्याय?” त्यांनी विचारले. सभेतल्या तेहतीस सभासदांच्या मिळून सहासष्ट गुडघ्यांपैकी चाळीस दुखरे निघाले. खाडीपर्यंत गाडीवाट हवी, हे बहुमताने स्पष्ट झाले.

दुसरा पक्ष राखणवाल्यांचा. त्याच्या पुढारी शैलाताई, म्हणजे जयप्रकाशसाहेबांच्या सौभाग्यवती. (त्या काळात त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटलीसुद्धा चिटणिसामार्फत मागितली जाई.) त्यांचे म्हणणे, आपल्या पूर्वजांनी मासे राखले ते श्रावण पाळून. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात नाही की गरी नाही. तेच इथे लागू करा. शिवाय सोमवार, मंगळवार आणि गुरुवारी मासे पकडणे संपूर्ण बंद, संकष्टीला तर पाण्याकडे बघायचेही नाही. या दिवशी सगळे सभासद ऑफिसात असतात, त्यामुळे नियम एकमताने मंजूर झाला आणि पहिल्याच आठवड्यापासून शंभर टक्के पाळला गेला. शैलाताईंना शुक्रवारही संतोषी मातेसाठी राखून ठेवायचा होता. तेव्हा मात्र शास्त्रशुद्ध पुराव्याची मागणी झाली आणि विषय तहकूब करण्यात आला.

हुसैनमियाँ मागच्या खुर्चीत बसले होते. त्यांना मत विचारण्यात आले, कारण तशी पद्धत आहे.

“वाट नाय म्हणून तर मासा हाय तिथं,” ते म्हणाले. “तुमी दोघं भांडतांव कशाला? घरात बसा. मासा आपोआप वाचंल.”

मग जयप्रकाशसाहेब म्हणाले की मियाँच्या भावनांचा आदर आहे, पण घरात बसणे हा काही कार्यक्रम होऊ शकत नाही. शैलाताईंनी त्यांना दुजोरा दिला. पतिपत्नींचे एकमत झालेला तो त्या मोसमातला एकमेव मुद्दा.

अखेर तोडगा मी काढला. ठराव असा लिहिला: ‘खाडीच्या वाटेबाबत मंडळाने योग्य ते करावे.’ आपली भाषा किती समर्थ आहे पाहा. मराठीत वाट करता येते, वाट अडवता येते, वाट बघता येते, आणि एखाद्याच्या वाटेला जाऊ नये असाही संकेत आहे. प्रत्येक पक्षाने ठरावात आपापली वाट वाचली, दोघांनी टाळ्या वाजवल्या आणि वडे आले.

मोहिमेला नाव हवे होते. मी ‘वाट दाखवा अभियान’ सुचवले आणि बॅनरचे काम माझ्या मुलीकडे, उर्वीकडे सोपवले. उर्वी इथल्या भारतीय शाळेत शिकते. तिचे इंग्रजी उत्तम आहे आणि मराठीशी तिची तोंडओळख आहे. बॅनर छापून आला तेव्हा त्यावर मंडळाच्या चिन्हाखाली दोन फुटी अक्षरांत लिहिले होते:

‘चला, खाडीची वाट लावूया!’

“बाबा, ‘दाखवा’ खूप लाँग होत होतं,” उर्वी म्हणाली. “आणि आपण बोर्ड लावतो, बल्ब लावतो, क्रीम पण लावतो. सो वाट पण लावतातच ना?”

बॅनर छापण्याआधी कार्यकारिणीच्या सात जणांनी तपासला होता. सातही जण आपले नाव आणि फोटो नीट आला आहे का ते बघत होते. तो बॅनर तसाच वापरायचे ठरले आणि आज मागे वळून पाहता मंडळाच्या सगळ्या कागदपत्रांत तेवढाच एक अचूक होता.

मग काम झपाट्याने झाले. जयप्रकाशसाहेबांच्या कंपनीचे एक शॉवल, म्हणजे खोदकामाचे यंत्र, जवळच्याच साइटवर होते. ते चुकून खाडीच्या दिशेने गेले आणि चुकून सलग दोन शुक्रवार तिकडेच राहिले. दगड बाजूला सारले गेले. डोंगरही थोडा बाजूला सारला गेला. (शेळ्यांच्या गोठ्यामागची चढण आता राहिलेली नाही, म्हणून ती सांगायला हरकत नसावी.) राखणवालेही स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी वाटेवर ठिकठिकाणी पाट्या लावल्या: ‘ही जागा गुप्त आहे’ आणि खाली बाण. शैलाताईंनी जागेची खूण व्हॉट्सअॅपवर टाकली आणि सोबत ‘कृपया फॉरवर्ड करू नये’ अशी सूचनाही लिहिली. ती सूचना चार गटांत फॉरवर्ड झाली. त्यांपैकी एक गट सलालाहचा असून त्याचा मासेमारीशी संबंध नाही, तो भजनी मंडळाचा आहे.

जानेवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी खाडीवर मासा जागरूकता शिबिर भरले. ज्या माशाला त्रास द्यायचा नाही त्याची सर्वांना ओळख असावी, हा हेतू. त्रेपन्न गाड्या आल्या. पोहे, जनरेटर, सनईची ध्वनिफीत, लहान मुलांसाठी वेशभूषा स्पर्धा (विषय: जलचर, पहिले बक्षीस खेकड्याला, दुसरेही खेकड्याला) असा भरगच्च कार्यक्रम झाला. शिकार शाखेने डोंगरावर मोहीम काढून एक शेळी पाहिली आणि ती रानटी असल्याचा दावा केला. शेळीच्या मालकाने तो फेटाळला. दुपारी अंताक्षरी झाली. दिवसभरात पकडलेले मासे शून्य, दिसलेले मासे शून्य. म्हणजे एकाही माशाला इजा झाली नाही, असे मी अहवालात नोंदवले आणि संवर्धनाच्या रकान्यात ‘पूर्ण’ लिहिले.

हुसैनमियाँ त्या दिवशी आले होते. आपल्या नेहमीच्या खडकावर त्यांना बसायला जागा नव्हती, तिथे स्पीकर ठेवला होता. ते थोडा वेळ उभे राहिले, पोह्यांची डिश कुणीतरी हातात दिली ती धरून राहिले, आणि मग जाऊन माझ्या गाडीत बसले.

पुढच्याच आठवड्यात तिथे सरकारी पाटी लागली. खाडी पर्यावरणाच्या कारणास्तव सर्वांसाठी बंद. दोन सिमेंटचे ठोकळे आले आणि त्यांच्यामध्ये एक जाडजूड साखळी. मंडळाने विजयसभा घेतली. शैलाताईंच्या मते राखण साधली, कारण आता तिथे कुणीच जाऊ शकत नव्हते. जयप्रकाशसाहेबांच्या मते वाटही साधली, कारण साखळीपर्यंत गाडी अलगद जात होती. पोटातले पाणी हलत नाही. पतिपत्नींनी एकमेकांना हार घातले, आणि मिठाची बाटली थेट मागितली जाऊ लागली.

मार्चमध्ये, निघायच्या आधीच्या शुक्रवारी, हुसैनमियाँना घेऊन मी साखळीपाशी गेलो. पलीकडे शंभर पावलांवर पाणी दिसत होते. आजूबाजूला कुणी नव्हते. मी म्हणालो, “चाचा, ओलांडूया. कोण बघतंय?”

“एकेचाळीस वरसं या मुलखात काढली. पोलिसानं कदी हटकलं नाय,” ते म्हणाले. “आता जाताना बेकायदा होऊ? चल, खलास.”

त्यांनी साखळीला हात लावला, ती थोडी हलवून बघितली आणि सोडून दिली. मला फार वाईट वाटले. इतिवृत्तात असे काही लिहिण्याची पद्धत नाही, म्हणून इथे लिहितो.

परतताना एका ठिकाणी त्यांनी एकदम माझा खांदा धरला. “थांब, थांब. बाजूला घे.” रस्त्यापासून खाली खडकांची एक साधीच रांग होती, ओळखीचे काही नाही. पण त्यांनी पाण्याचा रंग बघितला, खिशातून दोरी आणि गरी काढली, आमिषाला म्हाकुळाचा तुकडा लावला आणि बसले. दुपार झाली. मी कंटाळून मोबाइल काढणार, तोच दोरी एकदम ताठ झाली, त्यांचे दोन्ही हात पाण्याकडे ओढले गेले, आणि टण्‌ आवाज होऊन सगळे सैल पडले. गरी गेली होती.

हुसैनमियाँ हसू लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

“तोच! झटका वळखतो मी त्याचा. बिऱ्हाड बदललंन, रमणा! तुमच्या पोह्यांना भिऊन हितं आला.” मग त्यांनी पाण्याकडे बघून हात कपाळाला लावला. “सलाम, अर्बाब. येतो मी.”

गाडीत बसताना ते म्हणाले, “ही जागा कुणाला सांगू नको.”

“आईची शपथ, चाचा.”

“मागल्या खेपेला पन आईचीच घेतली होतीस,” ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर पाचव्या दिवशी ते विमानाने गावी गेले. मी शपथ पाळली आहे. मंडळाला या जागेचा पत्ता नाही, आणि तो कधीही लागू देणार नाही. जयप्रकाशसाहेब खोदून खोदून विचारतात, शैलाताई माशाच्या भल्यासाठी विचारतात, पण मी दाद देत नाही.

तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही सुज्ञ वाचक, निसर्गप्रेमी. तुम्ही आतापर्यंतच्या कंसांतल्या खुणा मनात एकापुढे एक मांडत आलात ते काही वाईट हेतूने नव्हे. वाईट हेतू तर आमच्यातही कुणाचा नव्हता. आणि गेलात तरी एकदाच जाल, नुसते बघून याल, फार तर एका भरवशाच्या माणसाला सांगाल, हे मला ठाऊक आहे. तरीसुद्धा नव्या जागेबद्दल मी एक अक्षरही लिहिणार नाही.

(निळ्या टाकीपर्यंत येऊ नका. अलीकडेच थांबा.)