पाठीमागची अकरा बटणं

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझे वडील केवळराम, वय सदुसष्ट, सिहोऱ्यातल्या राहत्या घरातून आकाशी रंगाच्या नव्या पोशाखात बाहेर पडले. कुठे जातो, ते त्यांनी सांगितलं नाही.

पोशाखाची कल्पना माझी, शिलाई बायकोची. तुमसरच्या एका राइस मिलचे मालक निकेशभाऊ यांना बाया आणि माणसं दोघांनाही चालेल असा एकच गणवेश हवा होता, चाळीस नग. ऑर्डर मिळाली तर दीपमाला बसस्टँडवर दुकान टाकणार होती. नाही मिळाली तर शिलाई मशीन होती तिथेच, म्हणजे माझ्या टेबलाला चिकटून. मी बावीस वर्षं एका दैनिकाचा वार्ताहर आहे. दोन्ही बाजू ऐकून समतोल साधणं हा माझा धंदाच. हे काम मला किरकोळ वाटलं.

कॉलर पुरुषी ठेवली, बाहीला चुण्या बायकी दिल्या. पँट की सलवार हा वाद वर-खाली एकाच कापडात जोडून मिटवला. राहिली बटणं. पुरुषांच्या शर्टाला ती उजव्या अंगाला असतात, बायकांच्या डाव्या.

"मंग कोणाकडची लावू?" दीपमालाने विचारलं.

"कोणाकडचीच नाही. मांगं, पाठीवर लाव."

तिने मशीन थांबवली. "घालन कोण, अन् लावन कोण?"

"अडचण दोघायले सारखीच," मी म्हणालो. त्या वाक्यावर मी दिवसभर खूश होतो.

शनिवारी नमुना दाखवायचा होता. शिवला एकच होता: आधी पुरुषावर दाखवायला बाबा, मग बाईवर दाखवायला दीपमाला स्वतः. मानेपासून खालपर्यंत बाबांची अकरा बटणं मी लावली आणि निकेशभाऊंना आणायला तुमसरला गेलो. वाट पाहता पाहता बाबा तीन कप चहा प्याले. चहाचा व्हायचा तो परिणाम झाला, आणि पोशाख पुढून कुठेच उघडत नव्हता. आई रोवण्यावर, म्हणजे धानाच्या लावणीला, गेली होती. घरात फक्त सून, आणि सुनेला पाठ दाखवून "बटणं खोल" म्हणणारा सासरा आमच्या गावात अजून व्हायचा आहे. बाबा निघाले.

साडेअकराला आम्ही पोचलो, तर नमुना गायब. शोधायला तिघंही निघालो. तलावाच्या पाळीवर गावातला फकिरा मासे धरायचं जाळं झाडत होता.

"एक बाई गेली जी इकून," तो म्हणाला. "मिशीवाली."

"बाई कायची? माणूस होता," त्याची बायको रंजू म्हणाली. "पोट धरून पळून राहिला होता."

"माणूस असता तं इथंच कुठी उभा राहिला असता. पळाले कायले लागते?"

दीपमाला निकेशभाऊंना ऐकू जाईल अशा बेताने मला म्हणाली, "बाई का माणूस, ओळखू येऊन नाही राहिलं. म्हणजे जमलं ना?"

तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अनोळखी व्यक्ती फिरत असल्याचा निरोप गेला होता. उपसंपादकाला बाराच्या आत दोन ओळी हव्या होत्या. "पुरुष की महिला, तेवढं पक्कं कर," तो म्हणाला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी सांगितलं की प्रत्यक्षदर्शींमध्ये मतभेद आहेत.

पाळीवरून पुढे आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पंधरा बाया वाकून रोवणा करत होत्या. प्रत्येकीच्या लुगड्यावर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट. धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, बाबा पाय जोडून उभे.

"खोल ना वो," ते आईला म्हणत होते.

"हात चिखलानं भरले. कापड खराब झालं तं सुनेची ऑर्डर जाईन," आई वाकूनच म्हणाली. "एवढी ओळ होऊ द्या."

"ओळीपर्यंत नाही जमत."

"आमचे शर्ट नवऱ्याचे हायेत, भाऊ," शेजारची सुंदरबाई म्हणाली, "पण आमचे आमाले खोलता येतात."

निकेशभाऊंनी त्या शर्टांकडे पाहिलं, मग दीपमालाकडे. "ह्या तं फुकटातच घालून राहिल्या. मी पैसे कायले देऊ?"

दीपमालाचा चेहरा उतरला. पण तिने बाबांच्या पोशाखाकडे बोट दाखवलं. "तो शर्ट नवऱ्याचा हाय जी. उद्या तो मांगन. हा तिचा राहीन. अन् खिसे पाहा, चार हायेत."

निकेशभाऊ खिसे पाहू लागले.

"प्रफुल्ल," बाबांनी मला हाक मारली. आवाज बदललेला होता. मी पुन्हा फोनवर, बायांचे हात चिखलात, दीपमाला सून. कोरड्या हाताचे एकटे निकेशभाऊ उरले. ते बाबांना दंडाला धरून मोहाच्या झाडामागे घेऊन गेले.

हे वृत्त लिहीपर्यंत अकरापैकी सात बटणं उघडली आहेत. बटण तुटून ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून आठवं दीपमालाने दुहेरी दोऱ्याने घट्ट टाकलं होतं; ते काजातून निघेना. "मंग चाळीस धरू का जी?" असं तिने धुऱ्यावरून दोनदा विचारलं. झाडामागून "थांबा, थांबा" एवढंच ऐकू आलं. ते निकेशभाऊ म्हणाले की बाबा, याला दुजोरा मिळू शकला नाही.