छत्रीवाला म्हणायचं नाही

आमच्या श्रीरामपुरात एस्तरताईंच्या गिरणीवर दळण टाकायचं तर एक पथ्य पाळावं लागतं. विकी सरगमला 'छत्रीवाला' म्हणायचं नाही. दिवाळीच्या आधी मेडिकलवाला बोलण्याच्या भरात तसं म्हणून गेला. ताईंनी त्याचा हरभऱ्याच्या डाळीचा डबा उचलून पायरीवर ठेवला. "जा, दुसरीकडं दळा. हितं न्हाई दळायचं." त्याच्या घरचे लाडू त्या दिवाळीला पाकिटातल्या बेसनाचे झाले.

विकी सरगम आता कुणाला आठवत नसेल. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा हा तेरा-चौदा वर्षांचा पोरगा लाल जाकीट घालून, छत्री गरागरा फिरवत टीव्हीवर गायला आणि घरोघरच्या मुली खुळ्या झाल्या. वह्यांच्या कव्हरावर तो, सलूनच्या आरशावर तो. मग त्याचा आवाज फुटला आणि लोकांनी त्याला सोडून दिलं.

"आवाज फुटला म्हंजी दरोडा घातला का त्यानं?" पट्ट्याच्या खडखडाटावर ताई मला ओरडून विचारतात. "सर, तुमचा न्हाई फुटला? ह्या समद्यांचा न्हाई फुटला?" रांगेतले पुरुष आपापल्या डब्यांकडे बघू लागतात. "उलट नंतरच लई ग्वाड गायला त्यो. खालच्या सुरात. ऐकलं कुनी?"

ऐकणार कसं? ती नंतरची गाणी ताई गिरणीतच लावतात, आणि चक्कीच्या घरघरीत फक्त तबल्याची टकटक कळते. हे मी एकदा बोललो. त्या आठवड्यात आमचं पीठ रव्यासारखं आलं.

ताई पन्नाशीच्या. पदर खोचलेला, भुवयांवर पीठ. नवरा गेल्यापासून गिरणी एकटीनं चालवतात. जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात विकीला लावत नाहीत म्हणून त्यांनी रेडिओवाल्यांना फोन केला होता. "पोरगी इचारती, कोन विकी? कोन विकी म्हनं!" तेव्हापासून त्यांच्याकडे रेडिओ बंद.

आणि गेल्या उन्हाळ्यात साक्षात विकी सरगम आमच्या गावात आला. मेन रोडवर साड्यांचं नवं दुकान निघालं, त्याच्या उद्घाटनाला. ताईंनी भरदुपारी गिरणी बंद केली, ठेवणीतली साडी नेसल्या आणि मला बरोबर घेतलं.

तो आला. केस रंगवलेले, पोट सुटलेलं, लाल जाकिटाची बटणं लागत नव्हती. दुकानदारानं त्याच्या हातात छत्री दिली आणि स्पीकरवर ते जुनं गाणं सुरू झालं. आवाज कोवळ्या पोराचा आणि ओठ हलवतोय पन्नाशीला आलेला माणूस. पोरंटोरं मोबाईल वर धरून फिदीफिदी हसत होती. गाणं संपल्यावर तो हळूच म्हणाला, "आता एक खरं गाऊ का?"

"अहो, छत्रीच होऊन जाऊ द्या पुन्हा एकदा!" निवेदक किंचाळला.

एस्तरताई गर्दी कापत स्टेजवर चढल्या. मला वाटलं, हार घालतील. त्यांनी निवेदकाच्या हातातला माईकच ओढला. "मानूस गातो म्हनतोय, आन तुमी त्याला माकडागत नाचवताय? दुकान काढलंय का सर्कस?" मग तितक्याच रागानं त्याच्याकडे वळल्या. "आन तू! आदी ती छत्री टाक. गा आता."

त्यानं छत्री टाकली. साथीला काही नव्हतं. डोळे मिटून तो गायला. मधे एकदा दम तुटला, पण आवाज काय भरदार, काय शांत! चक्कीच्या घरघरीशिवाय मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो. दुसरं कडवं सुरू झालं तोच दुकानदारानं लकी ड्रॉ पुकारला, आणि सगळी गर्दी तिकडे पळाली.

दुकानाच्या मागच्या बाजूला तो गाडीची वाट बघत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. ताई समोर जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांचं साठलेलं बोलणं, वाटलं, आता सुटणार. त्या एवढंच म्हणाल्या, "जेवलास का?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"इचारलं बी न्हाई कुनी?"

"नाही," तो म्हणाला. "भाकरी मिळेल?"

गिरणीमागच्या दोन खोल्यांत ताई राहतात. तिथं त्याला घेऊन आलो. भाकऱ्या थापताना दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. ताट वाढून त्यांनी विकीपुढे ठेवलं. तो खाईना. "तुम्हीही बसा, ताई. एकट्याला जेवण जात नाही."

ताई आत गेल्या. दुकानदाराला घातलेल्या शिव्या एकदम थांबल्या. भांड्यांचा आवाज येत राहिला, ताई काही येईनात. मी डोकावलो. त्या मांडणीवरचे डबे सरकवत होत्या, फळीवर हात फिरवत होत्या.

"काय शोधताय?"

"दुसरं ताट," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "हुतं हितंच कुठंतरी. मालक गेल्यापासनं लागलंच न्हाई कधी."

मी घरी जाऊन आमच्याकडचं एक ताट घेऊन आलो. तोवर त्या तशाच, मांडणीकडे तोंड करून उभ्या होत्या.