मोहटोल्याचे हल्लेखोर

मोहटोल्याच्या पोलीस चौकीला टाळं लागणार, हे प्रतिक्षानं सांगितलं आणि आनंदराव हवालदारांच्या बशीतला चहा थेट वर्दीवर सांडला.

"कायले?" आनंदराव ओरडले.

प्रतिक्षा चौकीतली नवी शिपाई, कॉम्प्युटर तिच्याकडे. ती म्हणाली, "काका, भंडाऱ्याले नवीन सॉफ्टवेअर आलं. पोलिसांवर कुठं किती हल्ले झाले, बटण दाबलं का आकडे हाजीर. गोंदिया वेगळा झाला तवापासूनचे. आपल्या चौकीचा आकडा शून्य."

"मंग चांगलंच आहे ना बाई!"

"चांगलं कायचं! साहेब म्हणून राहिले, तिथं पोलिसाले कोणी हात नाही लावत, तं चौकी पाह्यजे कायले?"

घ्या! शांतता राखल्याचं हे बक्षीस. जिल्हा फुटला तेव्हा आनंदरावांच्या सोबतचे कितीतरी जण गोंदियाला गेले, कोणी बढती घेऊन शहरात गेले. हा गडी मात्र मोहटोला सोडून हलला नाही. पुढच्या वर्षी निवृत्ती, तीही याच चौकीतून घ्यायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

"शून्य कसा काय?" ते एकदम ताठ बसले. "मी का कमी मार खाल्लो या गावात? लिही!"

पहिली आठवण रोवणीची, म्हणजे भाताच्या लावणीची. रोवणी संपली की शेतातल्या बाया बांधावरून जाणाऱ्याला अडवायच्या आणि बक्षिसी मिळेपर्यंत चिखलानं माखायच्या. नव्या कोऱ्या वर्दीतले आनंदराव त्यांना सापडले, आणि म्हैस बरी असे दिसू लागले. सॉफ्टवेअरमध्ये चिखलाची सोय नव्हती. जवळचं म्हणून प्रतिक्षानं 'दगडफेक' दाबलं, आणि पुढे 'महिलांचा जमाव'.

मग मंडईतलं, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतलं नाटक. आनंदराव फौजदार, गावातला त्यांचा दोस्त इश्वर डाकू. भाड्याचे कपडे वेळेवर आले नाहीत, म्हणून आनंदराव खऱ्या वर्दीत उभे राहिले. इश्वर भूमिकेत असा घुसला, असा घुसला की लाठी तुटली! लोकांनी शिट्ट्या मारून 'वन्स मोअर' मागितला, आणि त्या नालायकानं दुसरी लाठी आणून पुन्हा धुतलं.

"म्हणजे हल्ले दोन," प्रतिक्षा म्हणाली.

"दोन टाक. का दिवस होते पोरी! पाठ सुजली होती, तरी इश्वरच हळद लावून देत होता." आनंदराव पाठ चोळत म्हणाले.

शेवटी सत्यभामाबाई. चौकीसमोरचं घर त्यांचं. हवालदार न जेवता निघालेला दिसला की मनगट धरून घरात न्यायच्या आणि दाराला कडी घालून वाढायच्या. ते झालं 'पोलिसास डांबून ठेवणे', आणि 'म्होरक्या' या रकान्यात नाव गेलं सत्यभामाबाईंचं. आठवणी निघत गेल्या, प्रतिक्षा हसत हसत भरत गेली, आणि मोहटोला जिल्ह्यात पहिला आला.

दोनच दिवसांनी चौकीसमोर निळी गाडी थांबली. हेल्मेट घातलेले, ढाली धरलेले जवान धडाधड उतरले. पाठोपाठ भंडाऱ्याचे साहेब.

"सत्यभामा कोण? टोळी तीच चालवते ना?"

सत्यभामाबाई काठी टेकत पुढे आल्या. "मीच होय जी. इतके पाहुणे येऊन राहिले, आधी सांगतलं असतं तं भात जास्त मांडला असता! बसा, बसा."

साहेबांनी एकदा त्या काठीकडे पाहिलं, एकदा ढालींकडे. आनंदराव पुढे झाले आणि हात जोडून सगळं बोलून मोकळे झाले. "चूक माझी साहेब. चौकी जाऊ नाही म्हणून केलो. काढून टाका ते आकडे."

साहेब हसून हसून लाल झाले. "आकडे एकदा चढले की वरून कुणालाच काढता येत नाहीत. पण काळजी नको. चौकी राहिली! माणसंही वाढवलीत."

गावानं टाळ्या पिटल्या. आनंदरावांना तर नाचावंसं वाटलं.

"फक्त एक आहे," साहेब घसा साफ करत म्हणाले. "एवढे हल्ले झाले, ते सगळे एकाच हवालदारावर. अशा माणसाला सुरक्षित जागी हलवायचं, असा हुकूम आलाय. भंडाऱ्याला, ऑफिसात. आजच, याच गाडीनं."

चौकी वाचली आणि आनंदरावांचा मोहटोलाच गेला!

बातमी गावभर गेली. बाया शेतातून धावत आल्या, इश्वर रडत आला, सत्यभामाबाई डब्यात भात बांधून आल्या. जवानांनी एवढी गर्दी पाहिली आणि हुकुमाप्रमाणे आनंदरावांच्या डोक्यावर हेल्मेट चढवून भोवती ढालींचं कडं केलं.

"अरे, येऊ द्या ना जी त्यांना! आपलेच लोक आहेत!" आनंदराव आतून ओरडत होते.

"मागे व्हा! मागे व्हा!" जवान रडणाऱ्या बायांना ढकलत होते. सत्यभामाबाईंचा डबा ढालीला लागून खणखणला, पण आत काही पोचला नाही. गाडी सुटली. आनंदरावांनी डोळे पुसायला हात वर नेला, तर मध्ये हेल्मेटची काच.