दोन राज्यांची कन्या रेणुका हिचें नांव दफ्तरीं दाखल जाहलें त्याची हकीकत

श्री यल्लम्मा आई प्रसन्न असो. जिच्या कृपेनें चालतें पाऊल मुक्कामास पोंचतें, तीस दंडवत घालून, शके १९४५ शोभननाम संवत्सरीं आणि त्यापुढें जें वर्तमान जाहलें, तें जैसें ऐकिलें तैसें लिहिलें आहे.

आमचे राज्यांत दगडफोड्यांचें एक बिऱ्हाड होतें. जेथें खाण तेथें पाल, आणि खाण सरली कीं गाढवांवर संसार लादून पुढें, ऐशी त्यांची रीत. त्यांस गांव नाहीं, शीव नाहीं आणि कोणे दफ्तरीं नांवही नाहीं. त्या बिऱ्हाडांत हणमंतराव विटकर जन्मास आले. पुढें एके गांवीं खाण दोन वर्षें चालली, तेव्हां तेथील गुरुजींनीं मूल हुशार पाहोन जन्मतारीख अदमासें धरिली, जन्मगांव म्हणोन आपलेंच गांव लिहिलें आणि शाळेंत घेतलें. मग हणमंतराव शिकले, डोंगर पोखरण्याचे विद्येंत निपुण जाहले, आणि उत्तरेस बर्फाचे राज्यांत बोगदा खणणें होतें तेथून बोलावणें आलें, तेव्हां पत्नी सुलक्षणाबाईंसह तिकडे गेले. तेथेंच कार्तिक शुद्ध पंचमीस कन्या जाहली. नांव रेणुका ठेविलें.

त्या राज्याचा कायदा ऐसा कीं, आमचे भूमीवर जन्मला तो आमचा. आपले राज्याचा कायदा ऐसा कीं, आईबाप आमचे तर मूलही आमचें, मात्र वर्षाचे आंत वकिलातींत नोंद करावी आणि परराज्याचें पारपत्र घेतलें नाहीं ऐसें लिहून द्यावें. दोन्ही पारपत्रें बाळगूं म्हटल्यास चालणार नाहीं. परराज्याचें घेतल्यास जन्मभर येण्याजाण्याचा परवाना मिळेल, परंतु मत देतां येणार नाहीं आणि शेत विकत घेतां येणार नाहीं. यावरून उभयतांत मतभेद पडला. सुलक्षणाबाई म्हणत कीं, येथीलच घ्यावें, पोरीस जग मोकळें होईल, आणि आजीस भेटण्यास परवाना आहेच. हणमंतराव म्हणत कीं, आपलेंच घ्यावें. कां म्हणोन पुसिलें तर उगेच बूट चढवून कामावर जात. ऐसे अकरा महिने गेले. पारपत्राविना मूल राज्याबाहेर नेतां येईना, आणि तिकडे हणमंतरावांच्या मातोश्री दुर्गाबाई यांची नजर दिवसेंदिवस अधू होत चालली होती. डोळ्यांस दिसतें आहे तोंवर नात आणा, ऐसा त्यांचा निरोप दर आठवड्यास येई.

मग सुलक्षणाबाईंनीं एके दिवशीं मोबाइलावर सासूबाईंसच पुसिलें कीं, आत्याबाई, तुमचा लेक हट्ट धरून बसला आहे आणि कारण सांगत नाहीं, हें काय असावें? दुर्गाबाईंनीं सांगितलें कीं, हणमंताचे पाठीवर पारू म्हणोन मुलगी होती. तीन वर्षांची असतां एका खाणीहून दुसरे खाणीस जातां वाटेंत तापानें गेली. हणमंत नऊ वर्षांचा, त्यानेंच तीस खांद्यावर घेतली होती. बाभळीखालीं माती दिली आणि बिऱ्हाड पुढें निघालें.

"ती जल्मली त्याचा कागुद न्हाई, मेली त्याचा बी न्हाई," दुर्गाबाई म्हणाल्या. "माझ्याबिगर आन त्याच्याबिगर ती व्हती म्हनून सांगनारं कुनी उरलं न्हाई. आन तुमच्या लेकीला दोन राजं आमची म्हनत्यात. ह्यात भांडायसारकं काय हाय, सूनबाई? उपकार माना आन लवकर लिवा."

सायंकाळीं हणमंतराव घरीं आले. सुलक्षणाबाईंनीं लेकीस त्यांचे हातीं दिलें आणि म्हणाल्या, "आधी आपल्या घरच्या दफ्तरात लिहू. अठरा वर्षांची झाली की तिची ती ठरवील." हणमंतराव बूट न काढितां लेकीस घेऊन तैसेच उभे राहिले.

मग दिवसभराचा रेल्वेप्रवास करून उभयतां वकिलातींत पोंचलीं. मुदतीचे बारा दिवस उरले होते. तेथें वसुमतीबाई म्हणोन कारकून होत्या, त्यांनीं कागद तपासितां एक अडचण निघाली. प्रसूतीचे वेळीं दवाखान्यांत बापाचें जन्मस्थान पुसिलें, तेव्हां आनंदाचे भरांत हणमंतरावांनीं खरें तेंच सांगितलें होतें कीं रस्त्यावर, खाणीपाशीं. म्हणोन जन्मदाखल्यावर बापाचें जन्मस्थान अज्ञात पडलें, आणि त्यांचे पारपत्रावर तों गुरुजींचें गांव. वसुमतीबाईंनीं त्यांस विन्मुख पाठविलें नाहीं. काय दुरुस्ती पाहिजे तें स्वहस्तें लिहून दिलें, बाकी कागद तपासून आपणापाशीं ठेविले, आणि म्हणाल्या, "एवढा एकच कागद आणा. मी वाट बघते."

मग परराज्याचे जन्मनोंदीचे दफ्तरीं गेले. दुरुस्तीस तीन आठवडे लागतात ऐसी तेथील रीत. अधिकारी वृद्ध होते. त्यांनीं पुसिलें कीं, यांतील खोटें कोणतें, रस्ता कीं गांव?

हणमंतरावांनीं त्यांचेच भाषेंत उत्तर दिलें, "दोन्ही खरं आहे, साहेब. जन्म रस्त्यानं दिला, नाव त्या गावानं दिलं."

वृद्धांनीं चष्मा पुसिला, पारपत्र पुन्हा पाहिलें आणि त्याच दिवशीं दाखला बदलून शिक्का मारिला. तुमची मुलगी आमचीही आहे, ऐसें म्हणोन रेणुकेचे गालास बोट लाविलें. मुदतीस तीन दिवस असतां वकिलातींत नोंद जाहली. मार्गशीर्षांत पारपत्र आलें, पौषांत उभयतां मायदेशीं पोंचलीं. दुर्गाबाईंनीं नातीचें तोंड दोन्ही हातांनीं चांचपिलें, मग उजेडाकडे धरून निरखिलें, आणि नाक बापाचें आहे ऐसा निकाल दिला.

एकूण अर्थ इतकाच कीं, एका राज्यानें नांव लिहून घेतलें, दुसऱ्यानें राग धरिला नाहीं, आणि हणमंतराव दोहोंचे ऋणी जाहले. अठरावें सरल्यावर सहा महिन्यांत कोणतें राज्य राखावें हें रेणुकाबाई ठरवितील. तूर्त त्या आजीचे मांडीवर निजल्या आहेत, त्यांस कोणी उठवूं नये.