करीमभाऊंची गाडी अजून तयार नाही

करीमभाऊंची पिकअप गेली आठ वर्षं तयार होते आहे. म्हणजे ती चालत नाही असं नाही. आसपासच्या खेड्यांतली भाजी चामोर्शीच्या बाजारात तीच आणते, सावली तालुक्यातलं धान राइसमिलला तीच पोचवते, लग्नसराईत मंडपाचे बांबूही वाहते. पण करीमभाऊंना विचाराल तर गाडी तयार नाही. गाडीखालून फक्त पाय दिसत असतात आणि आतून आवाज येतो, "थोडंसं बाकी हाये, गुरुजी. बस, येवढं झालं का झालं."

ते 'येवढं' दर आठवड्याला वेगळं असतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे आणि करीमभाऊंच्या समोरच्या घरात भाड्याने राहतो. सकाळी दात घासायला बाहेर आलो की समोर पिकअप आणि तिच्याभोवती पान्हा घेऊन फिरणारे करीमभाऊ. साठीला आलेला, उंच, वाकलेला माणूस. चेहरा कायम असा, की आत्ताच कुणाला तरी पोचवून आलेत. आनंदाची बातमीही ते त्याच चेहऱ्याने देतात. पहिल्या वर्षी मला त्यांनी इतक्या पडलेल्या आवाजात हाक मारली, की मी हातातला ब्रश टाकून धावलो. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, "काई नाई. नवीन मडफ्लॅप लावले. पाहा, कसे दिसून राह्यले."

ते मूळचे वेल्डर. बाजाराच्या वाटेवर त्यांचं दुकान होतं. मूलबाळ नाही. बायको, रजियाबाई, वारल्या तेव्हा त्यांनी दुकान विकलं आणि ही पिकअप घेतली. हे सगळं मी इथे येण्याआधीचं. गल्लीत लोक डोक्याजवळ बोट फिरवून सांगायचे, "बाई गेली आन् ह्याचं ध्यान गाडीत गेलं."

ध्यान म्हणजे किती, ते ऐका. एकदा त्यांनी समोरच्या सीटला मरून रंगाचं मखमली कव्हर शिवून घेतलं. त्यानंतर गाडीत चढायचं तर चप्पल काढून. मी एकदा निवडणुकीच्या ट्रेनिंगला त्यांच्यासोबत गेलो, तर पूर्ण वाट बूट मांडीवर घेऊन बसलो होतो. मग रिव्हर्सची धून आली. गाडी मागे घेतली की वाढदिवसाचं गाणं वाजायचं. आमच्या शाळेत तांदळाची पोती टाकायला ते ऐन प्रार्थनेच्या वेळी आले आणि गाडी मागे घेतली. अख्खी शाळा टाळ्या वाजवायला लागली. हेडमास्तर संतापले. करीमभाऊ खाली उतरले, मुलांकडे पाहिलं आणि तितक्याच दुःखी चेहऱ्याने म्हणाले, "पोरं खूश झाले ना पन." दुसऱ्या दिवशी धून काढून टाकली.

आरसे सहा. दोन कंपनीचे, त्यांवर चिकटवलेले दोन छोटे गोल, एक आतला, आणि एक असा तिरका बसवलेला की त्यातून मागचा सगळा हौदा दिसावा. "वांगे पळून जातात काय, करीमभाऊ?" मी विचारलं होतं. ते हसले नाहीत. मागच्या फाळक्यावर पेंटरकडून त्यांनी फुलांच्या वेलबुट्टीची छान चौकट काढून घेतली आहे, आणि चौकट कोरी आहे. इतर गाड्यांवर तिथे शायरी असते, आईबापाचा आशीर्वाद असतो. "सुचून नाई राह्यलं," म्हणतात.

हौद्यात जाड रबराची चटई टाकली तेव्हा मात्र बाजारातले हमालही हसले. धानाच्या पोत्याला गादी! मग त्यांनी चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमधली एक पाटी काढून टाकली, गाडी मऊ चालावी म्हणून. वजन कमी भरावं लागलं तरी चालेल. हौद्याखाली पाण्यासाठी एक पाइपाची टाकी बसवली, तिला नळ लावला. नळ गळायचा. चामोर्शीत करीमभाऊ कुठून कुठे गेले, हे रस्त्यावरच्या ओल्या रेघेवरून कुणीही सांगू शकायचं.

हे सारं मी स्टाफरूममध्ये रंगवून सांगत असे. मास्तरलोक पोट धरून हसायचे. माझ्याकडे करीमभाऊंचे चांगले दहाबारा किस्से होते.

गेल्या भादव्यात माझे बाबा गेले.

आमचं गाव आलापल्लीच्या पुढे, आत जंगलात. बाबा वनखात्यात रोजंदारीवर होते, रोपवाटिकेत सागाची रोपं जगवायचे. छातीत पाणी झालं म्हणून त्यांना गडचिरोलीला दवाखान्यात आणलं होतं. नऊ दिवस होते. दहाव्या दिवशी सकाळी आई त्यांना चहा पाजत होती, आणि चहा ओठांतून परत आला.

शववाहिका आधीच कुणाला तरी घेऊन दूर गेली होती. दुसरी गाडी शोधायला हवी होती आणि माझं डोकं चालत नव्हतं. मी करीमभाऊंना फोन लावला. काय बोललो आठवत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई सोबत हाये?" आई आहे, मी म्हटलं. "पोचतो."

ते आले तेव्हा हौदा धुतलेला होता. रबरावर गादी, गादीवर पांढरी चादर. वर ताडपत्रीचं छप्पर. वॉर्डातल्या दोघांच्या मदतीने आम्ही बाबांना ठेवलं. करीमभाऊंनी दोन्ही बाजूंनी मऊ पट्टे घेतले, अलगद आवळले, बाबांच्या मानेखाली घडी करून टॉवेल सरकवला. मग हौद्याच्या कडेला दुमडून ठेवलेली एक लोखंडी बाकडी त्यांनी उघडली. तिच्यावर गादी शिवलेली होती, पाठीला टेकण होतं, हाताच्या उंचीवर धरायला दांडी होती. इतकी वर्षं समोर राहून ती बाकडी मी कधी उघडलेली पाहिली नव्हती.

"बाई, तुमी इथी बसा," ते आईला म्हणाले. "ह्या हातानं दांडी धरा. दुसरा हात भाऊच्या आंगावर राहू द्या."

मी समोर बसायला निघालो. त्यांनी मला दंडाला धरून थांबवलं.

"मांगं, गुरुजी. समोर नाई बसाचं."

गाडी निघाली. आष्टीपर्यंत रस्त्याची पार चाळण झाली होती, पण आम्हाला मागे फारसं जाणवत नव्हतं. करीमभाऊ वीसच्या वर जातच नव्हते. मागून लाकडाचे ट्रक हॉर्न मारत, शिव्या देत पुढे जायचे. खड्डा आला की गाडी जवळजवळ थांबायची, एक चाक उतरायचं, मग दुसरं. मी मान वर केली की त्या तिरक्या आरशात करीमभाऊंचे डोळे दिसायचे. ते रस्ता बघायचे आणि आम्हाला बघायचे.

आलापल्लीच्या अलीकडे सागाच्या सावलीत त्यांनी गाडी उभी केली. नळ सोडून आईच्या हातावर पाणी घातलं. आईने तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि सकाळपासून पहिल्यांदा एक घोट प्याली. मग परत बाबांशेजारी जाऊन बसली.

मी आणि करीमभाऊ चाकाजवळ उभे होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "असे किती जण पोचवले तुम्ही?"

"मोजत नाई."

मग तेच बोलायला लागले. "रजियाले नागपूरहून आनली ना, तवा ड्रायव्हर म्हणला, मांगं जागा नाई, समोर बसा. मी बसलो समोर. सहा घंटे. गाडी आदळली का मी मांगं पाहो. मधी पत्रा होता. काईच दिसेना." त्यांनी खिशातून रुमाल काढला, पण डोळ्यांना न लावता आरशाची काच पुसली. "सहा घंटे येकटीच होती ना ती."

माझ्या डोळ्यांसमोर स्टाफरूम आली. मी खाली बघत राहिलो.

दुपार कलताना गावात पोचलो. गावकऱ्यांनी सगळी तयारी ठेवली होती. नदीकाठी सरण रचलं. बौद्धाचार्यांनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. करीमभाऊ डोक्याला रुमाल बांधून मागे, माणसांपासून जरा अंतरावर उभे होते. वाटलं, आता ते परत निघतील.

ते गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तर ते आमच्या मागच्या दाराची कडी बसवत होते. ती कडी बाबा वर्षभर 'बसवतो, बसवतो' म्हणत होते. मग त्यांनी मोरीतला पाट वळवला, कोंबड्यांच्या खुराड्याला जाळी मारली. ओट्यावरून उतरताना आईचा पाय लटपटतो हे त्यांनी पाहिलं आणि गाडीतून पाइपाचा तुकडा काढून भिंतीला धरायला दांडी ठोकून दिली. पाहुण्यांनी भरलेल्या घरात हा लांब माणूस हातोडा घेऊन मुकाट्याने फिरत होता. माझ्या काकांना राहवलं नाही. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"हा तुया ड्रायव्हर जाते कवा?"

"माहीत नाही, काका."

"मंग इचार ना त्याले. काई पाह्यजे काय त्याले?"

मी विचारलं. करीमभाऊ पान्ह्याकडे बघत म्हणाले, "जातो ना. गाडीचं थोडंसं काम हाये, येवढं झालं का झालं." गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जलदान विधी झाला, जेवणं झाली, पाहुणे पांगायला लागले. करीमभाऊंनी गाडीची किल्ली हातात घेतली, अंगणात आले, टायरला लाथ मारून हवा पाहिली. मग दुसऱ्या टायरला मारली. मग तिसऱ्या.

आई ओट्यावर बसली होती. तीन दिवसांत ती कुणाशी धड बोलली नव्हती. ती म्हणाली, "करीमभाऊ, घरी कोन हाये तुमच्या?"

"कोनी नाई, बाई."

"मंग काऊन घाई करता? इथी जांभळीखाली लावा ना गाडी. सावली हाये."

त्यांनी गाडी जांभळीखाली लावली. आणखी पाच दिवस राहिले. माझी रजा संपल्यावर आम्ही दोघं सोबतच चामोर्शीला परत आलो. मला समोर, मखमली सीटवर बसवलं. मी चप्पल काढायला लागलो, तर म्हणाले, "राहू द्या."

पुढे शाळेची परीक्षा आली, मी कामात अडकलो. सकाळी समोर तेच पाय गाडीखालून दिसायचे. स्टाफरूममध्ये कुणी म्हटलं, 'काय मग, आज करीमभाऊंनी काय लावलं?' तर मी वही तपासत राहायचो.

दिवाळीच्या सुट्टीत आईला आणायला गावी गेलो. एकटी राहू नको, माझ्याकडे चल, हे तिला फोनवर दहा वेळा सांगून झालं होतं. तिने ऐकलंही होतं. पिशवी भरून तयार होती. शेजारच्या मावशीकडे कोंबड्या सोपवल्या होत्या.

"शनिवारी निघू," मी म्हटलं. "रविवारचा दिवस घरात आरामात मिळेल तुला."

आई थांबली. पिशवीवरचा हात तिने काढून घेतला.

"शनिवारी नाई जमन. सोमवारी जाऊ. आन् पुढच्या शनिवारपर्यंत मले परत आनून सोड."

"काऊन? रविवारी काय आहे?"

"आयतवारी करीमभाऊ येते ना."

मला काही कळेना. चामोर्शीहून इथे म्हणजे अडीच-तीन तास, तेही करीमभाऊंच्या चालीने चार. समोर राहून मला या माणसाने एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

"दर रविवारी येतात?"

"येते. रिकामी गाडी घेऊन येते. म्हनते, इकडं भाडं होतं."

"आणि काय करता तुम्ही दोघं?"

"काय करन? चहा पेतो. तो रजियाचं सांगते, मी तुया बाबाचं सांगतो. कवा कवा नाई बी बोलत. वापस जाते मंग."

मी म्हटलं, आई, तू चामोर्शीलाच असशील तर उलट बरं, ते समोरच राहतात.

आईने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी गणित चुकलं की ती अशी पाहायची.

"आरे, समोर राह्यनं येगळं," ती म्हणाली. "कोनाकडं जानं येगळं. येवढ्या लांबून येईन आन् दार बंद दिसलं, तं तो कुठी जाईन?"